खड्ड्यात बाईक जाऊन अपघात, समोर दुसरी गाडीच नाही... भरपाई मागायची कोणाकडे? (महाराष्ट्र)

कुंपणावरची
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते पण आज अडलंय म्हणून लिहितेय. माझ्या धाकट्या दिराचा गेल्या महिन्यात अपघात झाला. रात्रपाळी संपवून कंपनीतून घरी येत होता, रस्त्यात केबल टाकायला खोदलेला आडवा चर होता, त्यावर नुसता मुरूम लोटून ठेवलेला, पावसाने तो मुरूम बसला आणि वर पाणी साचलं, म्हणजे बघणाऱ्याला रस्ता सरळच दिसणार. बॅरिकेड नाही, दिवा नाही, बोर्ड नाही. पुढचं चाक आत गेलं आणि हा हँडलवरून पुढे फेकला गेला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण मांडीचं हाड मोडलंय, रॉड टाकलाय, मनगटात प्लेट आहे. कामावर कधी जाईल ते डॉक्टर अजून सांगत नाहीयेत.

आता गंमत बघा. पोलिसांच्या कागदावर "चालकाच्या स्वतःच्या हयगयीमुळे गाडी घसरून" असं लिहून आलंय. महापालिकेत गेलो तर म्हणे हा रस्ता आमचा नाही बांधकाम खात्याचा, बांधकाम खात्यात गेलो तर म्हणे कधीच हस्तांतरित केला. केबलवाल्यांचा कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. ओळखीतले एक वकील म्हणाले ट्रिब्यूनलमध्ये (मोटार अपघात भरपाईचं न्यायाधिकरण) केस टाकू, दुसरे म्हणाले तिथे ती उभीच राहणार नाही. कोणाला खरंच अनुभव किंवा माहिती असेल तर सांगा, "देवाची कृपा जीव वाचला" हे सगळ्या नातेवाईकांनी सांगून झालंय.

चाकोरीबाहेर
वाईट झालं ताई. पण खरं सांगू का, आपल्याकडे रस्त्याच्या मालकाकडून कोणाला दमडी मिळालेली मी तरी पाहिली नाही. औषधपाण्याकडे लक्ष द्या आणि सोडून द्या.

टाकीफुल्ल
^^ हेच ऐकून ऐकून सगळे सोडून देतात म्हणूनच त्यांचं फावतं.

काळाकोट_कपाटात
मोटार क्लेमची कामं बरीच वर्षं केलीत, आता बंद केलीयेत, त्यामुळे हा फुकटचा सल्ला आहे, कागद प्रत्यक्ष बघणाऱ्या वकिलाला दाखवाच.

तुमचे दोन्ही वकील अर्धे अर्धे बरोबर आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली ट्रिब्यूनलमध्ये (एमएसीटी) जो अर्ज होतो त्याचा नेहमीचा साचा म्हणजे समोरच्या गाडीचा ड्रायव्हर, मालक आणि इन्शुरन्स कंपनी. तुमच्याकडे समोरची गाडीच नाही. दीर स्वतःची बाईक स्वतः चालवत होता, म्हणजे स्वतःच्याच पॉलिसीत तो थर्ड पार्टी होत नाही. त्यामुळे नेहमीच्या साच्यात बसत नाही. पण १९९७ साली सुप्रीम कोर्टाने रेल्वे फाटकाच्या एका प्रकरणात म्हटलंय की अपघात वाहनाच्या वापरातून घडला असेल तर गाडीवाल्यांव्यतिरिक्त दुसऱ्या दोषी पक्षाविरुद्धचा दावाही ट्रिब्यूनल ऐकू शकतं, तिथे रेल्वे होती. त्या आधारावर रस्त्याच्या मालकाला आणि कॉन्ट्रॅक्टरला पार्टी करता येतं, फक्त अधिकारक्षेत्राचा वाद पहिल्याच तारखेला निघणार हे धरून चालायचं. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, त्यावर सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे, पण तुम्ही ती मुदत पाळायचीच.

पॉलिसीत मालक-चालकाचं पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर असेल तर ते १५ लाखांचं असतं. पण ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मं. हाड मोडून जुळलं तर त्यात काही मिळत नाही. तरी पॉलिसी काढून बघा, आणि लायसन्स चालू होतं ना तेही.

कुंपणावरची
धन्यवाद काका. लायसन्स, पीयूसी, पॉलिसी सगळं चालू होतं. अपंगत्व येईल का ते आत्ता कोणी सांगत नाहीये. म्हणजे ट्रिब्यूनल सोडून दुसरा काहीच मार्ग नाही का?

काळाकोट_कपाटात
आहे की, तिकडेच येत होतो, जेवायला उठलो.

मुंबई हायकोर्टात खड्ड्यांवर एक स्वयंप्रेरित (कोर्टाने स्वतःहून घेतलेली) जनहित याचिका २०१३ पासून चालू आहे. त्यात १३ ऑक्टोबर २०२५ ला कोर्टाने स्पष्ट आदेश दिला की खड्डा किंवा उघडं मॅनहोल यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, आणि जखमी झाला तर दुखापत बघून ५० हजार ते अडीच लाख. प्रत्येक ठिकाणी समिती करायची, महापालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. अर्ज आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, नाही दिले तर ९ टक्के व्याज आणि अधिकारी स्वतः जबाबदार. आधी यंत्रणेने द्यायचे, मग दोषी अधिकारी आणि कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करायचे. आणि तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं म्हणजे ही रक्कम इतर कायदेशीर भरपाईच्या शिवाय आहे. ही घेतली म्हणून दिवाणी दाव्याचा हक्क जात नाही.

अर्ज करायला वकील लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे जा.

पायडल_मास्टर
वाचनखूण साठवली. हे पेपरात वाचलं होतं पण इतकं नीट कळलं नव्हतं.

शंकासूर
एक शंका. आदेशात शब्द खड्डा आणि उघडं मॅनहोल असा आहे. इथे तर चर आहे, कोणीतरी परवानगी काढून खोदलेला. उद्या समितीत कोणी म्हटलं हा खड्डा नाही हे "काम चालू" आहे, तर?

काळाकोट_कपाटात
म्हणणार, शंभर टक्के म्हणणार. म्हणून अर्जात "केबलसाठी केलेलं खोदकाम नीट न बुजवल्यामुळे रस्त्यात पडलेला पाण्याने भरलेला खड्डा" असंच लिहायचं, आणि ते खोटं नाहीये. काम चालू आहे म्हणायचं तर मग बॅरिकेड कुठे होतं, पाटी कुठे होती, हा पुढचा प्रश्न त्यांच्याच गळ्यात पडतो. दोन्हीकडून अडकतात.

निवृत्त_ओव्हरसियर
शंकासूर यांचा मुद्दा बरोबर आणि काळाकोट यांचं उत्तरही बरोबर. मी आयुष्यभर रस्त्याचीच कामं केली त्यामुळे आतली गोष्ट सांगतो, जरा लांबेल.

केबल, गॅस, पाणी कोणालाही रस्ता खोदायचा असेल तर रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याची खोदाई परवानगी लागते. ती देताना तो रस्ता पूर्ववत करायचे पैसे, ज्याला आम्ही रिइन्स्टेटमेंट चार्जेस म्हणतो, आधीच भरून घेतो. म्हणजे काय झालं की कंपनीने खोदलं, केबल टाकली, मुरूम लोटला आणि ती मोकळी झाली, कारण पूर्ववत करायचे पैसे तिने भरलेत. आता डांबर टाकायचं काम पैसे घेणाऱ्याचं. तो वेगळं टेंडर काढतो, त्याचा कॉन्ट्रॅक्टर सगळे चर साठले की एकदम येतो. मधल्या काळात त्या चरावर मालक कोणीच नसतो. बहुतेक अपघात या मधल्या काळात होतात हे माझं मत, कागदावर कुठे लिहिलेलं नाही.

चर बुजवताना माती थरांनी टाकायची, प्रत्येक थरावर पाणी मारून कॉम्पॅक्शन करायचं असतं. ते कोणी करत नाही, सगळा भराव एकदम लोटतात आणि वर जेसीबीचं बकेट आपटतात. वरून छान दिसतो. पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत मुरतं, पोकळी बसते, आणि चर होता तसा परत उघडतो. त्यामुळे "अचानक पावसाने झालं" हे कोणी सांगितलं तर मान्य करू नका. आणि काम चालू असलेल्या जागी आधीपासून पाट्या, बॅरिकेड, रात्री चमकणारे रिफ्लेक्टर आणि दिवे लावायचे हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ५५ या मार्गदर्शिकेत सविस्तर दिलेलं आहे. टेंडरमध्ये ते लिहिलेलं असतं, त्याचे पैसेही धरलेले असतात.

आता तुम्ही काय करायचं. माहिती अधिकारात, १० रुपयांत, महापालिका आणि बांधकाम खातं दोघांकडे वेगवेगळे अर्ज टाका. अमुक चौक ते अमुक चौक हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हस्तांतराचं पत्र, खोदाई परवानगीची प्रत, परवानगीच्या अटी, रिइन्स्टेटमेंट चार्जेस कोणी कधी किती भरले त्याची पावती, त्या जागेबद्दल आधी आलेल्या तक्रारी, आणि रस्ता डिफेक्ट लायबिलिटी पिरियडमध्ये (कॉन्ट्रॅक्टरने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ) आहे का, असेल तर कॉन्ट्रॅक्टर कोण. "का" ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका, त्यावर माहिती उपलब्ध नाही असं उत्तर येतं. कागद मागा. पैसे ज्याने भरून घेतले तो "रस्ता माझा नाही" म्हणू शकत नाही, तुमची टोलवाटोलवी तिथेच संपेल.

टाकीफुल्ल
काका हे सोन्यासारखं आहे. वेगळा धागा काढा यावर.

कुंपणावरची
खरंच, हे कोणीच सांगितलं नव्हतं. आज रात्रीच अर्ज लिहायला घेते. तो चर मात्र आता बुजवलाय, अपघातानंतर दोनच दिवसात वर काँक्रीट टाकून गेले. आमच्याकडे दिराच्या मित्राने त्याच पहाटे काढलेले फोटो आहेत, एक व्हिडिओ आहे. समोरच्या दुकानाला कॅमेरा आहे पण मालक द्यायला घाबरतोय.

टाकीफुल्ल
घाईघाईने बुजवला हाही पुरावाच की. बुजवलेल्या जागेचाही फोटो काढून ठेवा, आजूबाजूच्या खांबासकट किंवा पाटीसकट, म्हणजे जागा तीच आहे हे जुन्या फोटोशी जुळवता येईल.

फोटो ज्या मोबाईलवर काढलेत तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या फोटोतली तारीख-वेळ-लोकेशन उडून जातं, मूळ फाईल जपा. कोर्टात असा पुरावा द्यायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ६५ब म्हणायचे तेच, ते त्या मित्राला द्यावं लागेल. कॅमेऱ्याचं फुटेज काही दिवसात आपोआप पुसलं जातं त्यामुळे दुकानदाराच्या मागे लागत बसण्यापेक्षा पोलिसांना लेखी द्या की या कॅमेऱ्याचं फुटेज ताब्यात घ्या, आणि त्या पत्रावर पोच घ्या. आमच्या रायडिंग ग्रुपमध्ये एकाला यामुळेच फायदा झाला होता, फुटेज मिळालं नाही पण मागितलं होतं हे कागदावर होतं.

बाईक दुरुस्त केली का? नसेल तर आधी पुढच्या रिमचे आणि फोर्कचे फोटो. पडून सरकलेल्या गाडीचं आणि खड्ड्यात आदळलेल्या गाडीचं नुकसान वेगळं दिसतं.

कुंपणावरची
बाईक तशीच आहे, रिम वाकलेलं आहे.

टाकीफुल्ल
मस्त. म्हणजे मस्त नाही, पण कळलं ना.

वर्दीतला_भाऊ
मी पोलीस आहे, कुठला ते विचारू नका. आमच्या बाजूने थोडं. एकट्याची गाडी पडली की "स्वतःच्या हयगयीने" हे छापील वाक्य असल्यासारखं लिहिलं जातं, कारण लिहिणाऱ्याला आरोपीच्या रकान्यात कोणीतरी लागतं. बऱ्याचदा जबाब हॉस्पिटलमधून आलेल्या एमएलसीवरून (पोलिसांना कळवायची मेडिकल नोंद), शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या नातेवाइकाला विचारून होतो. त्याने "गाडी स्लिप झाली" म्हटलं की झालं.

ते बदलता येत नाही पण भर घालता येते. दिराला बोलता येत असेल तर पुरवणी जबाब घ्या अशी लेखी मागणी करा, त्यात चर, पाणी, बॅरिकेड नसणं, वेग सगळं येऊ दे. घटनास्थळाचा पंचनामा झालाय का ते बघा, त्याची प्रत मागा, त्यात खड्ड्याचं माप आहे का बघा. नसेल तर फोटो जोडून सांगा. कॉन्ट्रॅक्टर आणि संबंधित अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवा अशी तक्रार द्या, ठाणे अंमलदार घेत नसेल तर बीएनएसएस (नागरिक सुरक्षा संहिता, जुनं सीआरपीसी) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांना पोस्टाने पाठवा, तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. भांडू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं आमच्याकडे वाऱ्यावर जातं.

शंकासूर
तो मोटार वाहन कायद्याचा १९८अ कलम आहे ना, रस्ता नीट न बनवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला एक लाख दंड? तो यात बसतो का?

काळाकोट_कपाटात
बसू शकतो. आराखडा, बांधकाम, देखभाल यांचे ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर एक लाखापर्यंत दंड. पण तो पैसा मोटार अपघात निधीत जातो, जखमीच्या हातात नाही. त्यामुळे दबावासाठी तक्रारीत जरूर लिहा, त्यावर घरखर्च काढायचा नाही.

चाकोरीबाहेर
एवढं सगळं करून मिळणार किती, ५० हजार? तेवढे तर रिक्षाभाड्यात आणि झेरॉक्समध्ये जातील. माणूस घरी पडलेला, बायकापोरं काळजीत, आणि तुम्ही त्यांना या ऑफिसातून त्या ऑफिसात पळवताय.

निवृत्त_ओव्हरसियर
तुमचा राग समजतो, पण मांडीचं हाड मोडून रॉड टाकलाय त्याला किमान रकमेवर बसवायचं असं कुठे लिहिलंय? समितीला दुखापत बघायचीये. आणि दुसरं, मी ऑफिसच्या त्या बाजूला बसलेलो आहे म्हणून सांगतो, तक्रार आली तर फाईल हलते, भरपाई भरायची वेळ आली तर फाईल पळते. अधिकाऱ्याच्या पगारातून कापायची भाषा आली की दुसऱ्या दिवशी सगळ्या चरांवर बॅरिकेड दिसतील.

पायडल_मास्टर
+१. डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेच म्हटलं होतं ना, २०१३ ते २०१७ मध्ये खड्ड्यांमुळे १४,९२६ लोक गेले, सीमेवर जातात त्यापेक्षा जास्त असतील. तरी आपण अजून स्लिप झाली असंच म्हणतो.

हिशेबनीस_मावशी
कुंपणावरची, एक वेगळंच विचारते. दीर कंपनीतून परत येत होता म्हणालीस, त्याच्या पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापतात का? कापत असतील तर ते आधी बघ बाई. ईएसआय कायद्यात कलम ५१इ होतं, नोव्हेंबर २०२५ पासून ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आलीये, घरून कामावर आणि कामावरून घरी येता-जाताना झालेला अपघातही कामाच्या वेळेतला धरतात, कामाशी संबंध दिसला म्हणजे झालं. त्यात उपचार तर आहेतच पण कामावर जाता येत नाही तेवढ्या काळाचे पैसेही मिळतात, आणि काही कायमचं राहिलं तर पेन्शनसारखं दरमहा. कंपनीला अपघाताचा रिपोर्ट भरायला सांग. मी अकाउंट्समध्ये आहे, आमच्याकडे एचआरवाले स्वतःहून कधीच सांगत नाहीत.

ईएसआयसी नसेल तर कामगार नुकसानभरपाईचा कायदा, तोही आता त्याच संहितेत आलाय. त्यातही जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने येण्याजाण्याच्या अपघाताबद्दल कामगारांच्या बाजूने निकाल दिलाय, आपल्या महाराष्ट्रातलीच केस होती, साखर कारखान्याचा वॉचमन बाईकवरून ड्युटीवर जात होता.

कुंपणावरची
मावशी!! कापतात!! स्लिप काढून बघितली आत्ता. आम्ही तर खाजगी दवाखान्याचं बिल भरत बसलोय आणि एचआरने रजेचा अर्ज तेवढा मागून घेतला. हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

हिशेबनीस_मावशी
रात्रपाळीचं हजेरीचं रेकॉर्ड मागून घे, पंच केल्याची वेळ आणि अपघाताची वेळ जुळली पाहिजे. आणि तो नेहमीच्याच रस्त्याने येत होता ना?

कुंपणावरची
हो, रोजचाच रस्ता.

काळाकोट_कपाटात
मावशींना सलाम, मला हे सुचायला हवं होतं, आम्ही वकील लोक कोर्टापलीकडे बघत नाही.

एक मुदतीचं राहिलं. दिवाणी दावा लावायचा ठरला तर महापालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ ची एक महिन्याची नोटीस लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत. मुंबईला वेगळा कायदा, तिथे कलम ५२७. सरकारी खात्याला पार्टी करायचं तर सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. म्हणजे रस्ता कोणाचा हे कळेपर्यंत थांबू नका, नोटीस दोघांना पाठवून ठेवा, जो नाही तो आपोआप गळेल. रजिस्टर पोस्टाने, पोचपावती जपून. रक्कम काढताना फक्त हॉस्पिटलचं बिल धरू नका, बुडालेला पगार, रॉड काढायचं पुढचं ऑपरेशन, फिजिओ, सोबतच्या माणसाची रजा, आणि हात-पाय पूर्ववत झाला नाही तर त्याच्या कामावर होणारा परिणाम. टक्केवारीचं प्रमाणपत्र सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाचं घ्या, खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर समोरचा वकील खेळतो.

धागावाचक७
फारच उपयुक्त. अवांतर: अपघात नुकताच झाला असेल तर मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, यादीतल्या हॉस्पिटलात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत. इथे वेळ गेलीये पण दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

कुंपणावरची
बऱ्याच दिवसांनी अपडेट देतेय, विसरले नाहीये.

ईएसआयसीचं काम मार्गी लागलं, कंपनीने कुरकुर केली पण रिपोर्ट भरला. पुरवणी जबाब झाला, साहेब चांगले निघाले, फोटो स्वतः जोडून घेतले. विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला, तिथल्या मॅडमनी आधी "हे महापालिकेत द्या" म्हटलं, मग हायकोर्टाच्या आदेशाची प्रत दाखवली तेव्हा घेतला आणि शिक्का मारून दिला. समितीची बैठक अजून झालेली नाही. नोटिसा दोघांना गेल्यात.

आणि ओव्हरसियर काका, माहिती अधिकाराचं उत्तर आलं. बांधकाम खात्याने हस्तांतराचं पत्रच जोडून पाठवलं. महापालिकेने मालकीच्या प्रश्नावर "माहिती संकलित करण्यात येत आहे" असं लिहिलंय पण त्याच पाकिटात खोदाई परवानगी आणि चार्जेस भरल्याची पावती, दोन्हीवर त्यांचाच शिक्का.

निवृत्त_ओव्हरसियर
हसू आवरेना. पावती म्हणजे मालकीच झाली हो. आता त्या दोन्ही कागदांच्या प्रमाणित प्रती मागा, समितीकडच्या अर्जाला जोडा, आणि परवानगीच्या अटींत "काम संपल्यावर किती दिवसांत पूर्ववत" ते कलम शोधून त्याखाली पेन्सिलने रेघ मारून द्या. नवीन माहिती अर्ज एकच, त्या चराच्या डांबरीकरणाची वर्क ऑर्डर कोणत्या तारखेला निघाली. अपघाताच्या नंतरची तारीख असेल तर इथे लगेच कळवा.

कुंपणावरची
उद्याच टाकते काका.